आबांनी जप्त केलेली दमणी

रत्नागिरीच्या शाळेत बदली होऊन आलो त्या दिवशी दिवेलागणीला मी खोलीत ट्रंक उघडून बसलो होतो. दारात कुणीतरी खाकरलं. बघतो तर आमचे घरमालक हातात कंदील घेऊन उंबऱ्याबाहेर दोन्ही पाय जुळवून उभे. मी म्हटलं, "या ना, आत या."

"सूर्य मावळला," ते म्हणाले. "आता मला आत येता यायचं नाही."

मला वाटलं, काही सोवळंओवळं असेल. मी म्हटलं, "अहो, घर तुमचंच आहे."

"मालकी माझी, ताबा तुमचा. सूर्यास्तानंतर दुसऱ्याच्या ताब्यात शिरायचं नाही, असा कायदा आहे." एवढं बोलून त्यांनी कंदील उंबऱ्यावर ठेवला आणि निघाले. चार पावलं जाऊन परत आले, वाकले, आणि कंदील दोन बोटं माझ्या बाजूला सरकवून गेले. आपण कुठे येऊन पडलो हे मला त्या दिवशी कळलं नाही. खरं सांगायचं तर पुढे कितीतरी वर्षं त्या घरात राहूनही पुरतं कळलं नाही.

त्यांचं नाव सांगत नाही. घरची मंडळी अजून आहेत आणि तिकडची माणसं रागावली की पिढ्यान्‌पिढ्या रागावतात. आळीत त्यांना तोंडावर 'आबा' म्हणत आणि पाठीमागे 'जप्ती' म्हणत. आबा दिवाणी कोर्टाचे निवृत्त बेलिफ. साऱ्या उमेदीत त्यांनी एकच काम केलं. कोर्टाचा हुकूम घेऊन लोकांच्या दारात जायचं, दोन पंच बोलवायचे, घरातल्या चीजवस्तूंचा पंचनामा करायचा आणि वस्तू उचलून आणायच्या. काय घेता येतं आणि काय घेता येत नाही हे त्यांना रामरक्षेसारखं पाठ होतं. अंगावरची वस्त्रं घेता येत नाहीत. रांधायची भांडी नाहीत, अंथरूण नाही. बाईच्या गळ्यातलं मंगळसूत्र नाही. शेतकऱ्याचा नांगर नाही आणि नांगराचे बैलही नाहीत. बाहेरचं दार आतून बंद असेल तर ते फोडायचं नाही. आणि सूर्य मावळल्यावर पाऊल टाकायचं नाही, ते तर मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.

आबा निवृत्त झाले, पण त्यांचे डोळे निवृत्त झाले नाहीत. कुणाच्या लग्नाला गेले की मांडवात बसून ते नजर फिरवत. समई घेता येईल, पाट घेता येतील, भाताचं तपेलं घेता यायचं नाही. ओठ बारीक हलत. अनोळखी माणसांना वाटे, केवढा भाविक गृहस्थ, लग्नातसुद्धा जप सोडत नाही! शेजारच्या वहिनी मात्र ओळखून होत्या. आबा दगडी गडग्यापलीकडून डोकावले की त्या ओट्यावरचा तांब्याचा हंडा मुकाट्याने आत घेत. कारण हंडा पाण्याचा असतो, रांधायचा नसतो, सबब तो जप्तीला मोकळा आहे, हे एकदा आबांनीच त्यांना समजावून सांगितलं होतं. तेही सत्यनारायणाचा प्रसाद खाता खाता.

त्यांचा आवडता शब्द 'हुकूम'. कुणी काही सांगायला आलं की पहिला प्रश्न, "हुकूम आहे?" यातून घरचीही सुटत नसत. काकू माजघरातून हाक मारीत, "पानं वाढलीत, उठा."

"हुकूम आहे?"

"आहे. माझा."

"लेखी?"

"पिठलं निवलं की कळेल लेखी."

मग आबा उठत. काकूंना त्यांचं हे वेड लग्नापासून माहीत होतं आणि त्यांनी त्याला कधी किंमत दिली नाही. मला मात्र देणं भाग होतं, कारण मी भाडेकरू.

आबांची सरकारवर भक्ती होती की राग होता, हेही मला उमगलं नाही. ते दिवस सभांचे आणि फेऱ्यांचे होते. एकदा खादीची टोपी घातलेले दोघे आले आणि म्हणाले, आबा, तुम्ही फेरीत या. आबांनी विचारलं, "हुकूम आहे?" ते दोघे चिडून गेले आणि म्हाताऱ्याला सरकारधार्जिणा म्हणू लागले. पुढच्याच आठवड्यात पोलिसाचा जमादार आला आणि म्हणाला, फेरीवाल्यांना तुमच्या घरापुढच्या खळ्यातून जाऊ देऊ नका. त्यालाही आबांनी तेच विचारलं. जमादाराने त्यांचं नाव बंडखोरांत घातलं असावं. आबांचं दोन्हीकडे वाईट झालं, आणि आपण काय वावगं केलं हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. मलाही नाही.

पुढे काही वर्षांनी, पस्तीस साली, विलायतेहून हिंदुस्थानसाठी नवी घटना आली. वर्तमानपत्रात तिची कलमं येत. मी ओटीवर बसून वाचत होतो: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाही माणसाची मालमत्ता हिरावून घेता येणार नाही. आबा सुपारी कातरत होते. त्यांचा अडकित्ता थांबला.

"पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं.

"मालमत्तेत गाडी येते?"

"येत असावी."

"असावी नको, मास्तर. येते की नाही?"

मी वर्तमानपत्र उलटसुलट करून पाहिलं. गाडीचं नाव कुठे नव्हतं. घराचंही नव्हतं म्हणा. आबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले, जणू कलम मीच लिहिलं होतं. मग म्हणाले, "एवढी वर्षं कुठे होते हे लोक?" आणि उठून गोठ्याकडे गेले. तिथे त्यांची दमणी उभी असे.

या दमणीची गोष्ट सांगायची तर मला मागे जायला हवं.

दमणी म्हणजे छपराची, माणसं न्यायची हलकी बैलगाडी. आबांनी ती जुनी घेतली होती, पण ठेवली अशी होती की लग्नाच्या वऱ्हाडातल्या नव्या गाडीने मान खाली घालावी. वर वेताचं छप्पर, आत कापसाची गादी, मागे हिरवा पडदा. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या हाकून कोर्टात आणल्या, ही पहिली स्वतःची. भातशेतीचा त्यांचा एक लहानसा तुकडा होता. तिथे तेच बैल नांगराला लावीत आणि एरवी दमणीला.

संध्याकाळी ओटीवर आमचा वाद चाले. वाद म्हणजे आबा बोलत आणि मी गोंधळे. "मास्तर, घराचं बाहेरचं दार फोडता येत नाही, बरोबर? आता दमणीला पडदा आहे. पडदा म्हणजे दार धरायचं का? दार धरलं तर तेही फोडता यायचं नाही. पण बैल जुंपले, गाडी चालायला लागली, मग ते दार कुठल्या घराचं?"

मी म्हणे, "आबा, घर ते घर आणि गाडी ती गाडी."

"आणि माझी बायको आत झोपली असली तर?"

"काकू गाडीत कशाला झोपतील?"

"उदाहरण हो!"

माजघरातून आवाज येई, "मी नाही झोपायची गाडीत. उदाहरणालासुद्धा!"

आबांनी हा प्रश्न एका वकिलालाही घातला होता. वकील हसून म्हणाले, "आबा, तुमचे हे सगळे नियम कोर्टाच्या जप्तीचे. मामलेदाराला ते लागू नाहीत." आबा म्हणाले, "हात सरकारचाच ना? मग कोर्टाच्या हाताला बेडी आणि मामलेदाराचा हात मोकळा, हे कसं?" वकील आणखी हसले. मला हसू आलं नाही.

मामलेदाराचं नाव निघायला कारण होतं. थंडीत कलेक्टर, प्रांत अशा साहेबलोकांची फिरती निघे. साहेबाबरोबर तंबू, ट्रंका, खुर्च्या, आंघोळीचं घंगाळ, कोंबड्यांचे झाप, असा सगळा संसार निघे आणि त्याला गाड्या लागत. त्या मिळवायची रीत अशी, की पट्टेवाले आळीआळीतून फिरत आणि दिसेल ती गाडी धरून नेत. याला 'गाड्या धरणं' म्हणत. कागद नाही, पत्र नाही. गाडी गेली की कधी परत येईल ते साहेबाच्या मर्जीवर. फौजेसाठी गाड्या धरायचा कायदा आहे, साहेबाच्या घंगाळासाठी नाही, असं आबा म्हणत. खरंखोटं त्यांना ठाऊक आणि सरकारला ठाऊक.

लोकांनी यावर उपाय काढला होता. फिरतीची कुणकुण लागली की आळीतल्या गाड्या एकदम आजारी पडत. प्रत्येक जण गाडीचं एक चाक काढी आणि गवताच्या गंजीत नाहीतर बावीच्या पाण्यात लपवी. बैल चरायला वर सड्याच्या माळावर जात. पट्टेवाला येई, बिनचाकाच्या गाड्या बघून चुकचुके, ताक पिऊन पुढल्या आळीत जाई. चाक कुठे आहे हे त्याला ठाऊक असे. तो विचारीत नसे आणि कुणी सांगत नसे. असा हा दोन्ही बाजूंचा समजूतदारपणा वर्षानुवर्षं चालला होता. मी मंडणगडकडचा; आम्हां तिकडच्या माणसांना तो बरा वाटे. आबांना तो पटत नसे.

ज्या वर्षाची ही गोष्ट, त्या वर्षी आबांच्या धाकट्या मुलीला, बायोला, दिवस गेले होते. तिचं सासर देवरूखच्या अंगाला, डोंगराच्या कुशीत. मोटार मोठ्या रस्त्याने जाई. तिथून पुढे खडबडीत गाडीवाट. बाळंतपणाला बायोला माहेरी आणायची होती. थोरल्या मुलीचं बाळंतपण असंच लांब सासरी झालं होतं आणि वेळेवर सुईणसुद्धा मिळाली नव्हती. ती गेली, मूलही गेलं. काकू तिचं नाव घेत नसत, पण रोज एकदा तरी म्हणत, "हिला मी तिथे ठेवायची नाही. इथे दवाखाना आहे, डॉक्टर आहे." बायोचा सातवा सरत आला होता. आठवा लागला की पोटुशी बाई घरातून हलवायची नाही, ही तिकडची रीत, आणि बायोची सासू रीतीला कडक. शनिवारी आठवा लागणार होता. आबा मधे तापाने पडले होते म्हणून उशीर झालेला. गुरुवारी पहाटे दमणी जुंपून निघायचं ठरलं, आणि बुधवारी सकाळी साहेबाच्या फिरतीची बातमी आली.

सगळी आळी चाकं काढायला लागली. शेजारी धावत येऊन म्हणाला, "आबा, एवढा आजचा दिवस चाक काढा. उद्या पहाटे लावा आणि निघा."

"चाक चोरानं काढावं," आबा म्हणाले. "मी चाक लपवलं म्हणजे त्यांना गाडी धरायचा हक्क आहे, हे मी कबूल केलं." आणि त्यांनी दमणी गोठ्यातून काढून चक्क खळ्यात, रस्त्यावरून दिसेल अशी उभी केली. बैलही बांधले शेजारीच.

पट्टेवाला आला तो कपाळाला हात लावूनच. वयस्कर, भला माणूस. म्हणाला, "आबानू, तुमी पन काय! एक चाक काढून ठेवलात असतात तर मी बगून न बगल्यागत गेलो असतो ना."

"हुकूम दाखव."

"हुकूम कसला? मामलेदारांनी सांगितलंनी, गाडी आण. मी आणतो."

"लेखी?"

"लेखी माज्या बापानं तरी बगितलान काय?"

काकू दारात आल्या. म्हणाल्या, "अहो, बायोला आणायची आहे, एवढं सांगा ना त्याला. तो काय राक्षस आहे?"

"ते कारण झालं," आबा म्हणाले. "कारण सांगायचं म्हणजे हक्क नाही म्हणून सांगायचं. मी कारण सांगणार नाही." आणि मग त्यांनी आवाज चढवून पट्टेवाल्याला अशी काही कलमं ऐकवली की समोरच्या घरातली माणसं ओट्यावर येऊन उभी राहिली. पट्टेवाला घाबरला नाही, पण कंटाळला. त्याला अजून चार आळ्या फिरायच्या होत्या. शेवटी म्हणाला, "राहू द्या तुमची गाडी. मी जातो. फुडल्या आळीत बगतो." आणि वळला.

इथे आबांनी गप्प बसायला हवं होतं. काकूंनी देवाला हात जोडलेसुद्धा. पण वळताना पट्टेवाल्याने आधाराला म्हणून दमणीच्या जुवावर हात टेकला होता, तो आबांनी पाहिला.

"थांब! गाडीला हात लावलास तू. हात लावलास म्हणजे ताबा घेतलास. आणि पंचनामा कुठे आहे?"

"अवो, मी चाललो..."

"असं जाता येत नाही. गाडी धरायची म्हणजे काय असतं हे तुझ्या मामलेदारालाही ठाऊक नाही. बस इथे. दाखवतो कशी असते रीत."

आबांनी आतून पाट, कागद, दौत आणली. मला आणि शेजाऱ्याला पंच म्हणून बसवलं. आणि लिहायला लागले. पहिल्या दोन ओळींत राग होता. तिसऱ्या ओळीपासून चेहरा बदलला. मी त्यांना इतकं सुखी कधी पाहिलं नव्हतं. 'दमणी एक, वेताच्या छपरासह, पडदा हिरवा. बैल दोन, पैकी एक तांबडा, उजवं शिंग किंचित आत वळलेलं.' मधेच उठून शिंग पाहून येत, पुन्हा लिहीत. वळणदार, मोत्यासारखं अक्षर. जप्त माल न्यायची सोय होईपर्यंत तो एका अब्रूदार माणसाच्या हवाली करायचा असतो, त्याला सुपूर्तदार म्हणतात. तिथे त्यांनी माझं नाव घातलं. सगळं वाचून दाखवलं. पंचांच्या सह्या घेतल्या, पट्टेवाल्याचा अंगठा घेतला, स्वतः सही केली आणि शाई वाळावी म्हणून कागदावर हलकेच फुंकर मारली.

पट्टेवाल्याने भीत भीत विचारलं, "म्हंजे आता गाडी माजी?"

"सरकारची," आबा म्हणाले. "मास्तरांच्या ताब्यात."

मग आबांनी कागदाकडे पाहिलं, दमणीकडे पाहिलं, दारातल्या काकूंकडे पाहिलं. आपण काय केलं ते त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं असावं, कारण ते पाटावरून उठता उठता परत बसले.

"फाडा मेला तो कागद," काकू म्हणाल्या.

"पंचांच्या सह्या झालेला कागद फाडायचा? गुन्हा आहे तो."

पट्टेवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "मास्तर, मी तर चाललो होतो ओ. तुमी बगितलंत ना?" मी बघितलं होतं. पण कागदाखाली माझी सही होती.

अशी आबांनी आपली दमणी आपणच जप्त केली आणि दुपारी ती साहेबाच्या ट्रंका भरून पालीच्या रस्त्याला लागली. बरोबर मी होतो, कारण ताबा माझा. हेडमास्तरांना मी सांगितलं, "जप्त गाडीचा सुपूर्तदार म्हणून मला सरकारी सामानाबरोबर जायचं आहे." रजा द्यायची की मला उभं राहून नमस्कार करायचा, हे त्यांना समजेना. शेवटी रजा दिली. मी ट्रंकांमध्ये अंग चोरून बसलो आणि पट्टेवाला गाडी हाकत होता. आबा गाडीच्या मागून चालत होते. मी कितीदा म्हटलं, वर या, ताप आत्ताच उतरलाय. ते म्हणाले, "जप्त मालात मालकाला बसता येत नाही." वाटेत हातखंब्याला, मग पालीला मुक्काम झाला, तिथेही ते गाडीपासून हातभर लांब बसले. सबंध वाट ते आपलं म्हणणं घोकत होते. साहेबापुढे कुठून सुरुवात करायची, नांगराच्या बैलांचं कलम आधी की हुकमाचं आधी. मलाही ते पाठ झालं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पालीच्या पुढच्या तळावर पोचलो. आंब्यांच्या सावलीत तंबू लागले होते. पहिल्याने भेटला तो साहेबाचा कारकून. त्याने आबांचा कागद दोनदा वाचला.

"ही जप्ती कुणी केली? मामलेदारांना असा जप्तीचा अधिकार कुठे आहे?"

आबांचा चेहरा उजळला. "तेच तर मी म्हणतो!"

"म्हणजे जप्ती झालीच नाही. तुम्ही गाडी खुशीनं दिलीत."

"खुशीनं? अहो, सगळ्या आळीनं ऐकलंय. मी हरकत घेतली."

"इथे तर असं लिहिलंय." कारकुनाने कागद फिरवून धरला. शेवटची ओळ आबांच्या त्याच मोत्यासारख्या अक्षरात होती: 'मालकाने कोणतीही हरकत घेतली नाही.'

आबांनी ती वाचली. मीही वाचली; खाली माझीच सही होती आणि मी ती ओळ ऐकून केली होती. बुधवारी सकाळभर घसा फोडून हरकत घेणाऱ्या माणसाच्या हाताने हे लिहिलं होतं, आणि ते त्याच्या, माझ्या, कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं.

"हे... हे शेवटी लिहायचं असतं," आबा म्हणाले. "सगळ्याच पंचनाम्यांत असतं."

"आणि कुणी हरकत घेतली तर ती कुठे लिहायची?" कारकुनाने विचारलं. तो टोमणा मारत नव्हता, त्याला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आबा कागदावर जागा शोधू लागले. वर पाहिलं, खाली पाहिलं, मागे उलटून पाहिलं.

एवढ्यात साहेब तंबूतून बाहेर आले. देशावरचे गृहस्थ होते, वयाने तरुण. "काय गडबड आहे? गाडी कुणी धरली?"

कारकुनाने पट्टेवाल्याकडे बोट केलं. पट्टेवाल्याने आबांकडे केलं. आबा कागदाकडे बघत होते. कागदावर माझं नाव होतं, म्हणून शेवटी सगळे माझ्याकडे बघू लागले.

"तुम्ही कोण?" साहेबांनी विचारलं.

"शाळामास्तर."

साहेबांनी हा धागा सोडून दिला. ते आबांकडे वळले आणि सरळ म्हणाले, "आजोबा, तुम्हांला हवंय काय?"

मी वाट बघत राहिलो. दोन दिवस घोकलेलं सगळं आता बाहेर पडणार होतं. आबांनी तोंड उघडलं. मग त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, कागदासकट दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "साहेब, पोर आहे माझी. पहिलटकरीण आहे. उद्या आठवा लागतो. थोरली अशीच गेली. एवढी गाडी सोडा, साहेब."

मला तिथून पळून जावंसं वाटलं. हा माणूस कुणापुढे हात जोडेल हे मला कधी सुचलंही नव्हतं.

"अहो, मग हे आधीच नाही का सांगायचं?" साहेब म्हणाले. मनाचे खरंच चांगले होते. "न्या, न्या. आत्ता निघा." आणि कारकुनाला म्हणाले, "ट्रंकांना दुसरी गाडी बघा. त्या खालच्या वाडीत कुणाकडे तरी असेल."

ट्रंका उतरल्या. पट्टेवाला आमच्याकडे न बघता खालच्या वाडीची वाट उतरू लागला. आबा त्याच्या पाठीकडे बघत राहिले, तो बांधाआड होईपर्यंत. मग दमणीवर चढले. गाडी सोडल्याचा लेखी हुकूम त्यांनी मागितला नाही.

दिवस मावळायच्या आत आम्ही बायोच्या सासरी पोचलो. सासूबाईंनी कुरकुर केली, पंचांग काढलं, शेवटी ओटी भरून दिली. आठवा लागायच्या आत बायोनं घरचा उंबरा ओलांडलेला असावा म्हणून त्यांनी तिला ती रात्र शेजारच्या घरी झोपवलं आणि सकाळी आम्ही निघालो. पुढे बायो रत्नागिरीत सुखरूप बाळंत झाली. मुलगा झाला, काकूंनी आळीभर पेढे वाटले. ते सगळं नीट झालं. पण मला आबा आठवतात ते परतीच्या वाटेवरचे.

ते गाडी हाकत होते, बैलांना जपून, दगड चुकवत. मी त्यांच्या शेजारी. मागे गादीवर बायो. तळ उठून गेला होता. खालच्या वाडीजवळून जाताना आबांनी त्या बाजूला मान वळवली नाही.

बायोला सगळी हकिकत कळली होती, निदान अर्धी. पडदा सारून ती म्हणाली, "आबा, साहेबाला कायदा चांगला सुनावलात म्हणे. काय सांगितलंत?"

आबा म्हणाले, "कायदा नाही सांगितला, बायो. लोक मला दारात जे सांगायचे, तेच सांगितलं."

"काय सांगायचे?"

"हेच. पोर आहे, आजारी आहे, आणायची आहे, एवढी गाडी सोडा."

"मग तुम्ही काय करायचात?"

चढ लागला होता. आबांनी बैलांच्या पाठीवर हात फिरवला.

"गाडी घेऊन यायचो," ते म्हणाले.